सीडी रिप करताना फ्लॅकची कॉम्प्रेशन लेव्हल किती ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या सीड्या एकदाच्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या म्हणून माणूस बसतो, रिपिंगचं (सीडीवरचा आवाज फाइलीत उतरवायचं) सॉफ्टवेअर टाकतो, फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) निवडतो आणि मग समोर ० ते ८ अशी कॉम्प्रेशन लेव्हलची, म्हणजे फाइल किती दाबायची याची, एक पट्टी येते आणि तिथे गाडी अडते. ओळखीतलं कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतंच, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण काही प्रश्नांत दम आहे आणि काहींत नाही.

घाईत आहे, फक्त आकडा सांगा.

५. म्हणजे बहुतेक ठिकाणी आधीपासून जो असतो तोच. ८ ठेवलात तरी काही बिघडत नाही. दोन्हीत आवाज तोच. आणि हे ठरवण्यात जो अर्धा तास जाणार होता तो ड्राइव्हच्या सेटिंगला द्या, त्याबद्दल खाली बरंच लिहिलंय.

लेव्हल वाढवली की क्वालिटी कमी होते ना? एमपीथ्रीत तर तसंच असतं.

नाही. ही एमपीथ्रीची सवय आहे, तिथे १२८ आणि ३२० मध्ये खरंच फरक असतो कारण एमपीथ्री आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतं. फ्लॅक काहीच टाकत नाही. लेव्हल ० ची फाइल उलगडा नाहीतर ८ ची, आतून सीडीवरचे तेच आकडे बाहेर येतात, एकही बिट इकडचा तिकडे नाही. विश्वास बसत नसेल तर तपासता येतं, कारण फ्लॅक फाइलच्या सुरुवातीलाच मूळ आवाजाचा एमडी५ (सगळ्या आकड्यांवरून काढलेला ओळखक्रमांक) लिहिलेला असतो, एकच ट्रॅक ० ने आणि ८ ने करून बघा, फाइलींचा साइज वेगळा येईल पण तो एमडी५ सेम असेल. कानाने ठरवत बसायची गरजच नाही.

मग बदलतं काय नक्की?

एन्कोडर, म्हणजे फाइल दाबणारा प्रोग्रॅम, किती डोकं खाजवतो ते बदलतं.

फ्लॅक आवाजाचे छोटे तुकडे करतं, लेव्हल ३ पासून पुढे एका तुकड्यात ४०९६ सॅम्पल (आवाजाचं एकेक मोजमाप, एकेक आकडा), म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा थोडं कमी. मग आधीच्या काही सॅम्पलवरून पुढचं सॅम्पल काय असेल याचा अंदाज बांधतं आणि अंदाज किती चुकला तेवढाच फरक लिहून ठेवतं. अंदाज चांगला असेल तर फरक छोटे, छोटे आकडे लिहायला जागा कमी. वाजवताना प्लेअर तोच अंदाज बांधतो, त्यात लिहिलेला फरक मिळवतो, मूळ आकडा हजर. ० ते २ मध्ये ठरलेली साधी सूत्रं वापरतात. ३ पासून पुढे त्या त्या तुकड्यासाठी वेगळं सूत्र काढतात, ५ ला मागची जास्तीत जास्त ८ सॅम्पल बघतात, ७ आणि ८ ला १२ पर्यंत. ६ पासून वर एकाच तुकड्यावर वेगवेगळ्या पद्धतीने अंदाज लावून सगळ्यात लहान येईल ते ठेवायचं असाही उद्योग चालतो. म्हणून वेळ जास्त लागतो. बाकी काही नाही.

जागा किती वाचते ते सांगा.

सीडीवर एका सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, प्रत्येक १६ बिटचं, दोन चॅनल, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट्स. एक तासाची सीडी वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलीत, साधारण ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये ती ३५० एमबीच्या आसपास येते असं धरा (संगीत कसलं आहे त्यावर खूप अवलंबून आहे, पुढे सांगतो). ० आणि ५ मधला फरक फाइलच्या साधारण चारपाच टक्के. ५ आणि ८ मधला फरक बहुतेक वेळा एक टक्कासुद्धा भरत नाही, म्हणजे त्या ३५० एमबीत दोनतीन एमबी.

३०० सीड्या धरू. लेव्हल ५ ने साधारण १०५ जीबी. ८ ने केल्यात तर एक जीबीसुद्धा वाचणार नाही. आजकाल लग्नाचे व्हिडिओ पाठवणारे काका एका संध्याकाळी तेवढा डेटा ढकलतात. म्हणून मी म्हणतो की या आकड्यासाठी जीव टाकू नका.

८ ने करायला खूप वेळ लागतो का?

२००१ मध्ये फ्लॅकचं पहिलं पक्कं व्हर्जन आलं तेव्हा लागायचा, लोक खरंच रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवायचे. "८ फार स्लो आहे, ५ च बरं" हा सल्ला तेव्हाचा आहे आणि अजून फिरतोय. आजच्या साध्या लॅपटॉपवर एक अख्खी सीडी लेव्हल ८ ने एन्कोड व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि फ्लॅकच्या १.५ व्हर्जनपासून एकाच वेळी प्रोसेसरचे अनेक कोअर वापरायची सोय पण आलीये. ड्राइव्ह मात्र नीट वाचायला पाचदहा मिनिटं घेतोच, सीडी चरे पडलेली असेल तर तासभर. एन्कोडर बिचारा बहुतेक वेळ ड्राइव्हची वाट बघत बसलेला असतो, त्यामुळे रिप करतानाच ८ ठेवलं तर तुम्हाला उशीर जाणवणारच नाही. जुना नेटबुक किंवा कमी ताकदीचा एखादा बोर्ड वापरत असाल तरच ५ वर राहा.

लेव्हल ८ च्या फाइलीने फोनची बॅटरी जास्त जाते असं ऐकलं.

जवळजवळ काही फरक नाही. फ्लॅकमध्ये सगळी मेहनत एन्कोड करणाऱ्याची, वाजवणाऱ्याला कुठल्याही लेव्हलला जवळपास तेवढंच काम. ही गोष्ट मंकीज ऑडिओची आहे, म्हणजे एप फाइली. तिथे जेवढं घट्ट दाबाल तेवढीच मेहनत वाजवतानाही लागते, त्यातली एक्स्ट्रा हाय आणि इन्सेन सेटिंग तर छोट्या प्लेअरना झेपायचीच नाहीत. तिथली भीती लोकांनी फ्लॅकलाही चिकटवली.

जुन्या मोनो रेकॉर्डिंगच्या सीड्या आहेत, नाट्यगीतं, तबकड्यांवरून घेतलेली. काही वेगळं?

हा खरा चांगला प्रश्न, आणि इथे लेव्हलने खरंच फरक पडतो.

सीडी कायम दोन चॅनलची असते. मोनो रेकॉर्डिंग असेल तर तोच आवाज डावीकडे आणि तोच उजवीकडे असा दोनदा लिहिलेला असतो. फ्लॅकमध्ये दोन चॅनलमधलं साम्य ओळखायची सोय आहे, दोघांची सरासरी आणि दोघांमधला फरक असं वेगळं लिहायचं, दोन्ही चॅनल अगदी एकसारखे असतील तर फरक शून्य आणि शून्य लिहायला जागा लागत नाही, फाइल जवळजवळ अर्धी होते. पण ही सोय लेव्हल ० ला आणि ३ ला बंद असते! १ आणि ४ ला ती काटकसरीने वापरतात, २ ला आणि ५ पासून पुढे पूर्ण चालू. म्हणजे कोणी "मधलं काहीतरी" म्हणून ३ निवडलं आणि घरात सगळी बालगंधर्वांच्या काळातली गाणी असतील तर त्याच्या फाइली उगाच जवळजवळ दुप्पट होणार. म्हणून ३ ला हात लावू नका, त्याचा कोणाला काही उपयोग नाही असं माझं मत आहे.

यात एक मेख आहे. सगळ्या मोनो सीड्या खऱ्या मोनो नसतात. तबकडी स्टिरिओ पिकअपने वाजवून घेतली असेल तर गाणं दोन्हीकडे सारखं पण खरखर दोन्हीकडे वेगळी, मग फरक शून्य येत नाही आणि फाइल तेवढी लहान होत नाही. शिवाय ती खरखर म्हणजे अंदाज न बांधता येणारा आवाज, फ्लॅकचा वैरी. आपली सीडी कुठल्या प्रकारातली ते बघायचं असेल तर ऑडॅसिटीत (आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर) ट्रॅक उघडा, दोन चॅनल वेगळे करा, एक उलटा करा आणि दोन्ही मिसळा, पूर्ण शांतता आली तर खरी मोनो, खरखर उरली तर नाही.

आणि कृपा करून जागा वाचवायला मोनोत बदलून ठेवू नका. खऱ्या मोनोला फ्लॅक तसंही अर्ध्यावर आणतं, आणि बदललेली फाइल पुढे रिप बरोबर झाला का हे तपासायच्या कुठल्याच डेटाबेसशी (त्यांच्याबद्दल खाली) ताडून बघता येत नाही.

एका सीडीचा बिटरेट ४५० दाखवतो, दुसरीचा १०००. लेव्हल तर एकच ठेवली होती. बिघडलंय का काही?

नाही, असंच असतं. लॉसलेसमध्ये, म्हणजे फ्लॅकसारख्या काहीच न टाकणाऱ्या प्रकारात, बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट) ही क्वालिटी नाही, ते गाणं दाबायला किती अवघड गेलं त्याचा हिशोब आहे. एक आवाज, तानपुरा, शांत खोली, अशा रेकॉर्डिंगचा अंदाज सहज बांधता येतो, आवाज हळू असल्यामुळे आकडेही लहान, बिटरेट खाली येतो. ढोलताशा, सिंथेसायझर आणि सगळं सतत कमाल पातळीवर चढवलेलं अलीकडचं फिल्मी गाणं असेल तर हजाराच्या आसपास जाणारच. सीडीचा मूळ बिटरेट १४११, त्याच्या वर मात्र सहसा जायला नको. गेलाच तर, व्हाइट नॉइज म्हणजे नुसता खरखराट रेकॉर्ड केलाय का तुम्ही?

मग वेव्हच ठेवलं तर? किंवा ते "अनकम्प्रेस्ड फ्लॅक"? जास्त मोकळं ऐकू येतं म्हणतात.

म्हणू देत. प्लेअर फाइल उलगडून मग ती डॅककडे (आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपकडे) पाठवतो, आणि उलगडल्यावर आकडे तेच असतात हे वर झालंच. वेव्हचा खरा तोटा जागेचा नाहीच, टॅगचा आहे. वेव्हमध्ये गायक, अल्बम, साल लिहायची पद्धत प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने पाळतं किंवा पाळतच नाही, आणि फाइल कुठे खराब झाली तर कळायला काही मार्ग नाही. फ्लॅकमध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःचा चेकसम (तपासणीचा आकडा) असतो, वर सगळ्या आवाजाचा एमडी५. हार्ड डिस्क म्हातारी झाली की याची किंमत कळते. अनकम्प्रेस्ड फ्लॅकमध्ये टॅग आणि चेकसम मिळतात, फक्त जागा विनाकारण जाते. ज्यांना त्यात समाधान आहे त्यांनी करावं, मी भांडत नाही.

८ च्या वर काही आहे का?

आहे, पण जाऊ नका. कमांड लाइनवर सगळे पर्याय ताणून बघायचे स्विच आहेत, त्याने वेळ कित्येक पट आणि फायदा टक्क्याच्या छोट्याशा भागाचा. एफएफएमपेगमध्ये आकडा १२ पर्यंत जातो, पण तो वेगळा एन्कोडर आहे, त्याचे आकडे मूळ फ्लॅकच्या आकड्यांशी जुळवू नका. एक धोका मात्र लक्षात ठेवा: फ्लॅकचा एक ठरलेला मर्यादित भाग आहे जो सगळ्या प्लेअरनी वाजवायलाच हवा, सीडीच्या आवाजासाठी त्यात मागची १२ च सॅम्पल बघायची मुभा आहे. काही टूल "लॅक्स" मोडमध्ये त्याच्या पलीकडे, ३२ पर्यंत, जातात. अशी फाइल कॉम्प्युटरवर वाजते आणि हॉलमधल्या प्लेअरवर अडते. ० ते ८ सगळे या मर्यादेत आहेत.

फ्लॅक की अलॅक?

घरात सगळं आयफोन आणि मॅक असेल आणि ॲपलच्याच म्युझिक ॲपमध्ये ऐकायचं असेल तर अलॅक, म्हणजे ॲपलचा लॉसलेस प्रकार, कारण ते ॲप फ्लॅक घेत नाही. अलॅकला लेव्हलची भानगड सहसा नसतेच, फाइल फ्लॅकपेक्षा जराशी मोठी होते. बाकी सगळ्यांनी फ्लॅक. अँड्रॉइड ३.१ पासून आणि विंडोज १० पासून ते आपोआप वाजतं. दोन्ही लॉसलेस असल्यामुळे एकातून दुसऱ्यात कितीही वेळा गेलात तरी काही हरवत नाही, त्यामुळे हा निर्णयसुद्धा आयुष्यभराचा नाही. २०२४ च्या डिसेंबरात फ्लॅक आरएफसी ९६३९ म्हणून इंटरनेटचं अधिकृत स्टँडर्डही झालं, तेव्हा उद्या कोणी वाजवणारच नाही ही भीती सोडा.

सारखं "ड्राइव्हची सेटिंग" म्हणताय, ते काय आहे?

हां, आता मुद्द्यावर आलो.

कॉम्प्रेशन लेव्हल चुकली तर कधीही बदलता येते. सीडी चुकीची वाचली गेली तर ती चूक फ्लॅक इमानदारीने जपून ठेवणार, ८ ने ठेवली तर जरा कमी जागेत जपणार, एवढंच. आणि ऑडिओ सीडी चुकीची वाचली जाणं सोपं आहे. डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट्स माहिती आणि उरलेल्या जागेत जादा दुरुस्तीची सोय असते, ऑडिओ सीडीत अख्खे २३५२ बाइट्स आवाजालाच दिलेत, ती जादा सोय नाही. १९८० मध्ये स्टँडर्ड ठरवणाऱ्यांनी विचार केला की गाण्यात एखादं सॅम्पल गेलं तर प्लेअर आजूबाजूचं बघून भरून काढेल, कोणाला कळणार नाही. ऐकायला ठीक आहे, पण कॉपी करताना ड्राइव्ह गुपचूप अंदाजे आकडे भरून देतो आणि सॉफ्टवेअरला सांगतही नाही.

म्हणून सिक्युअर मोड. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी फुकट आहे, क्यूरिपर पण फुकट, डीबीपॉवरॲम्प विकत आहे पण सगळ्यात कमी डोकेदुखी. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. हे प्रोग्रॅम एकच जागा दोनदा वाचतात, जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा वाचतात, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी तर १६ वेळा वाचून त्यातली निदान ८ सारखी आली तरच मानतं. ड्राइव्ह आधी वाचलेलं कॅशमध्ये (स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवून तेच परत दाखवत असेल तर दोनदा वाचण्याला अर्थ नाही, म्हणून सेटअपमध्ये ड्राइव्ह कॅश करतो का ते तपासून घ्यायचं, हे बरेच जण सोडून देतात.

मग ॲक्युरेटरिप. जगभरच्या लोकांनी केलेल्या रिपचे चेकसम एका डेटाबेसमध्ये आहेत, तुमचा रिप त्यांच्याशी जुळला तर वेगळ्या घरातल्या, वेगळ्या ड्राइव्हवरच्या, वेगळ्या सीडीतून तेच आकडे आले असा अर्थ, यापेक्षा पक्का पुरावा घरबसल्या मिळत नाही. त्यासाठी ड्राइव्हचा ऑफसेट बरोबर हवा. प्रत्येक मॉडेल ठरावीक सॅम्पल पुढेमागे वाचतं, कोणी +६, कोणी +३०, कोणी +६६७. ऐकू येण्याचा प्रश्नच नाही, ६६७ सॅम्पल म्हणजे सेकंदाचा साधारण सहासष्टावा भाग, पण चेकसम जुळायला लागतो. हातात एखादी गाजलेली, डेटाबेसमध्ये असलेली सीडी असेल तर प्रोग्रॅम स्वतः ऑफसेट शोधतो, एकदाच करायचं काम आहे.

क्यूटूल्स या प्रोग्रॅमचा पण असाच डेटाबेस आहे आणि त्यात एक जादा गंमत, त्यात दुरुस्तीची माहितीसुद्धा साठवलेली असते, तुमच्या सीडीवर छोटा चरा असेल आणि ती सीडी तिथे असेल तर खराब झालेला भाग बऱ्याचदा भरून निघतो.

माझ्या मराठी सीड्या ॲक्युरेटरिपमध्ये सापडतच नाहीत.

छोट्या कंपन्यांच्या सीड्यांचं असं होतं, ज्यांनी विकत घेतल्या त्यांतल्या फार थोड्यांनी रिप करून डेटाबेसला पाठवल्या. पर्याय "टेस्ट अँड कॉपी", म्हणजे अख्खा ट्रॅक दोनदा वेगवेगळा वाचायचा आणि दोन्हीचे चेकसम जुळवायचे. शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर एकदा करा, कारण एकच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो. आणि निकाल पाठवायचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे अमेरिकेत किंवा नाशकात कोणीतरी तीच सीडी घालेल तेव्हा त्याला तरी जुळणारं काहीतरी मिळेल. भावगीतं, अभंग, कीर्तनं, यांचे डेटाबेस आपणच भरले नाहीत तर कोण भरणार?

लॉग फाइल (रिप कसा झाला याची सॉफ्टवेअरने लिहिलेली नोंद) जपून ठेवा, फ्लॅकच्या फोल्डरमध्येच. पाच वर्षांनी एखाद्या गाण्यात टक् असा आवाज ऐकू आला की तो सीडीतच होता का रिपमध्ये आला हे लॉग सांगतो.

लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.

यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मिळतो, ऑनलाइनही. फक्त काही बारीक ड्राइव्हना एका यूएसबी पोर्टमधून पुरेशी पॉवर मिळत नाही आणि मग ते मधेच बंद पडतात, दोष सीडीला दिला जातो. जुन्या डेस्कटॉपमधला जाड ड्राइव्ह मिळाला आणि त्याला यूएसबीचा अडॅप्टर लावता आला तर चरे असलेल्या सीड्यांना तो बरेचदा जास्त चांगला.

सीडी पुसायची ती मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही. आणि लेबलची बाजू जास्त सांभाळा, चमकणारा थर त्या बाजूच्या वार्निशच्या अगदी खाली असतो, तिथला ओरखडा म्हणजे माहिती कायमची गेली.

सीडी उघडली तर आत ट्रॅक०१ डॉट सीडीए अशा फाइली दिसतात, त्या कॉपी केल्या तर?

प्रत्येकी ४४ बाइट्सची चिठ्ठी कॉपी होईल, गाणं नाही. विंडोज नुसतं दाखवतं की इथे ट्रॅक आहे. रिपच करावं लागतं. हे सांगायची गरज पडते म्हणून लिहिलंय, हसू नका.

माझ्याकडे "१०० अविस्मरणीय गाणी" वगैरे एमपीथ्री सीडी आहेत, त्या फ्लॅक करू का?

नको. २००० नंतर आपल्याकडे या सीड्या धो धो विकल्या गेल्या, पण त्या ऑडिओ सीडी नाहीत, डेटा सीडी आहेत. आतल्या एमपीथ्री फाइली आहेत तशा कॉपी करा, संपलं. फ्लॅक केल्या तर साइज काही पट वाढेल आणि जे आधीच टाकून दिलंय ते परत येणार नाही.

आणि घरी बर्न केलेल्या?

त्यांच्यापासून सुरुवात करा! कारखान्यात छापलेल्या सीडीत खड्डे उमटवलेले असतात, बर्न केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि तो उन्हाने, दमटपणाने उडतो. कोकणात किंवा मुंबईत वीस वर्षं कपाटात राहिलेली स्वस्तातली सीडी-आर म्हणजे रोज थोडी थोडी जातेय असं समजा. एमपीथ्रीवरून बर्न केलेली नेहमीची गाणी असतील तर सोडा. पण आजीच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, शाळेचं गॅदरिंग, जे दुसरीकडे कुठेच नाही, ते मूळ एमपीथ्रीवरून आलं असलं तरी फ्लॅकमध्येच घ्या. सुधारणार नाही, पण दुसऱ्यांदा एमपीथ्री केलं तर अजून बिघडेल.

ट्रॅकच्या वेगळ्या फाइली की अख्ख्या सीडीची एक फाइल आणि क्यू शीट?

वेगळ्या फाइली. लोकांना वाटतं की रागाच्या सीडीत आलाप, विलंबित, द्रुत असे वेगळे ट्रॅक केलेत आणि मैफल सलग आहे, वेगळ्या फाइली केल्या तर मधे खंड पडेल. फ्लॅकमध्ये नाही पडत, जोड सॅम्पलला सॅम्पल लागतो, प्लेअर गॅपलेस (दोन फाइलींमधे न थांबणारा) असला म्हणजे झालं. खंड पडायचा तो एमपीथ्रीत, कारण ते फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवतं. घरी बर्न केलेल्या सीडीवर दर गाण्याआधी दोन सेकंदाची शांतता असेल तर तो बर्न करताना ट्रॅक-ॲट-वन्स (दर ट्रॅक वेगळा लिहायची पद्धत) ठेवल्याचा परिणाम, तुमच्या रिपचा नाही.

मात्र क्यू शीट (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो याची छोटी टेक्स्ट फाइल) आणि लॉग दोन्ही सोबत करून ठेवा, काही केबींचा मामला आहे आणि उद्या सीडी जशीच्या तशी पुन्हा बनवायची झाली तर लागतं.

टॅग देवनागरीत लिहिले तर चालतात का?

मस्त चालतात. फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ मध्ये असतात, ळ, ऱ्य, ॲ सगळं नीट राहतं. राग, ताल, गीतकार, नाटक असे हवे ते नवीन रकानेसुद्धा बनवता येतात, फक्त रकान्याचं नाव रोमन अक्षरांत लागतं, त्यातला मजकूर देवनागरीत चालतो. जुन्या एमपीथ्री टॅगमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसायची तो अनुभव इथे येत नाही.

फाइलच्या नावाचं जरा बघून. लिनक्सवर आणि बऱ्याचशा नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजमध्ये) नाव २५५ बाइट्सचं असू शकतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं, काना मात्रा धरून, म्हणजे पंच्याऐंशी चिन्हांत खेळ संपला. "क्रमांक, पूर्ण ओळ, गायक, संगीतकार, नाटक" असं लांबलचक नाव ठेवलंत तर कॉपी करताना एरर येईल. नाव छोटं ठेवा, बाकी टॅगमध्ये. गाडीतल्या स्टिरिओवर देवनागरी चौकोन चौकोन दिसू शकतं, त्याला इलाज नाही, गाडीसाठी फ्लॅकवरून वेगळ्या एमपीथ्री बनवून रोमन नावाने पेन ड्राइव्हवर टाका, मूळ लायब्ररीला हात लावू नका.

२४ बिट ९६ किलोहर्ट्झमध्ये रिप करू का, हाय-रेझ होईल?

नाही होणार. सीडीत १६ बिट ४४.१ आहे. उरलेलं सॉफ्टवेअर स्वतः बनवतं आणि फाइल फुगते.

कव्हरचा फोटो फाइलीत घालू?

घाला, पण छोटा. स्कॅन केलेला तीन एमबीचा फोटो बारा ट्रॅकमध्ये प्रत्येकी घातलात तर झाले ३६ एमबी, आणि लेव्हल ५ वरून ८ वर जाऊन तुम्ही वाचवले होते दोनतीन एमबी. मोठा स्कॅन फोल्डरमध्ये एकदाच ठेवा, फाइलीत एक-दीडशे केबीचा. इनलेचा आतला मजकूर पण स्कॅन करा, साथीला तबल्यावर कोण होतं हे बऱ्याचदा तिथेच असतं आणि नेटवर कुठेच नसतं.

स्वतःच्या सीड्या रिप करणं कायद्यात बसतं का?

भारताच्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी फेअर डीलिंगची सूट आहे, आणि आपण घेतलेली सीडी आपण ऐकायला कॉपी करतोय. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळी लायब्ररी टाकणं हा खासगी वापर नाही. मी वकील नाही.

दहा वर्षांपूर्वी सगळं लेव्हल ० ने केलं होतं, परत रिप करावं लागेल का?

अजिबात नाही. फ्लॅकची फाइल फ्लॅकलाच परत द्यायची, लेव्हल ८ सांगायची, सोबत व्हेरिफायचा पर्याय चालू करायचा म्हणजे लिहिता लिहिता तो उलटून तपासत जातो. फूबार२००० मध्ये हे कन्व्हर्टरमधून करता येतं, कमांड लाइनची भीती असेल तर. टॅग, कव्हर सगळं तसंच राहतं, आवाजाचा एमडी५ आधी होता तोच येतो. फक्त त्याआधी जुन्या फाइलींवर एकदा टेस्ट चालवून घ्या, आणि एखादी फाइल टेस्टमध्ये नापास झाली तर ती बाजूला काढा, बॅकअपमधली कॉपी बघा, तीही खराब असेल तर तेवढी एक सीडी माळ्यावरून खाली काढा.

लॉग नसलेल्या जुन्या रिपचं पण असंच, क्यूटूल्सला फोल्डर दाखवलं की तो आत्तासुद्धा दोन्ही डेटाबेसशी जुळवून सांगतो बरोबर आहे का ते. जे जुळलं ते सोडून द्या, जे सापडलं पण जुळलं नाही तेवढंच परत रिप करा, आणि जे सापडलंच नाही त्यातलं आवडीचं आधी.